दोन सेकंद पुढे

"श्रोता घरी नेता येत नाही हं, बाई. इथंच बसून वाचायचा." शबानानं कार्ड माझ्यापुढं सरकवलं. "पानं दुमडायची नाहीत, कडेला पेन्सिलीनं खुणा करायच्या नाहीत, आणि चाळीस मिनिटांत परत करायचा."

"आणि नाही केला तर?"

"तर शिक्षा म्हणून त्याचं सगळं आयुष्य तुम्ही ऐकायचं."

शबाना मुजावर ही आमच्या फलटणच्या सरस्वती मोफत वाचनालयाची ग्रंथपाल. तिची दोन्ही मुलं माझ्या बालवाडीत होती, म्हणून ती मला बाई म्हणते. तसं निम्मं गाव म्हणतं. मी तीस वर्षं बालवाडी चालवली. निवृत्त झाल्यावर पहिल्याच सोमवारी सकाळी देवपूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं, आणि मग कळलं की आता कोणाशी बोलायचं ते मला ठाऊक नाही. इतकी वर्षं दिवसभर जे बोलत होते, ते सगळं चार वर्षांच्या मुलांशी. मोठ्या माणसाशी बोलायची सवयच राहिली नव्हती.

त्या सुमाराला 'श्रोता योजना' नवीन होती. तिच्यामागचं शास्त्र शबानानं मला समजावून सांगितलं, ते असं.

एक माणूस बोलतो आणि दुसरा मनापासून ऐकतो, तेव्हा दोघांच्या मेंदूतल्या लहरी सारख्या हलू लागतात. बोलणाऱ्याच्या मेंदूत जी लाट उठते, तशीच ऐकणाऱ्याच्या मेंदूत दोनेक सेकंदांनी उठते. नदीत पुढं एक होडी जावी आणि तिच्यामागनं दुसरी, तशी. श्वास आणि नाडीसुद्धा हळूहळू त्याच चालीवर येतात. ऐकण्याचं सोंग करणाऱ्याच्या मेंदूत मात्र हे होत नाही. त्याची होडी भलतीकडेच जाते. हे बरंच आधीपासून माहीत होतं. नवीन शोध होता तो पुढचा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं बोलणं आठवड्यातून दोन तास जरी कोणी असं ऐकलं, तरी त्याची झोप सुधारते, विसराळूपणा लांबणीवर पडतो, रक्तदाब उतरतो. घरोघरी बोलकी यंत्रं होतीच. ती गोड बोलायची, नावानं हाक मारायची, गोळ्यांची आठवण करायची. पण त्यांच्याशी बोलून हा गुण येईना. दुसरी होडीच नव्हती ना तिथं.

मग सरकारनं ठरवलं, की ऐकणारी माणसं वाचनालयात ठेवायची. वाचनालयच का? शबाना म्हणते, गावात तेवढी एकच जागा अशी आहे की तिथं दिवसभर बसलं तरी 'काय काम आहे?' असं कोणी विचारत नाही.

जुन्या मासिकांच्या बांधीव फायली होत्या ती मागची खोली रिकामी केली होती. सहा टेबलं, प्रत्येकावर दुधी काचेचा आवळ्याएवढा दिवा. बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या कानामागं डाळीएवढी चकती चिकटवायची. दोघांच्या लहरी जुळल्या की दिवा लागायचा. ज्यांना दुपार मोकळी असते अशी गावातलीच माणसं श्रोते म्हणून नाव नोंदवत.

मला पहिल्या दिवशी मिळाल्या मंगलताई ननावरे, निवृत्त नर्स. मी त्यांना सांगितलं, की रोज दहा वाजता माझ्या कानात बालवाडीची घंटा वाजते आणि हात आपोआप पदराला पुसला जातो. एवढंच. सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते मला कळलं नाही. पण समोर दिवा लागला होता, मधासारखा पिवळा. त्या दिवशी मला सलग झोप लागली.

आता माणसाचं मन असं, की एका ठिकाणी सुख मिळालं की तेच घरी हवंसं वाटतं.

घरी होते 'हे'. दिगंबर भोईटे, एसटीच्या कार्यशाळेतले हेड मेकॅनिक. ते माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाले होते. स्वभावानं कमी बोलणारे. मी बोलत असले की हे पंखा खोलून बसलेले, नाहीतर मिक्सर. मान वर नाही, डोळ्याला डोळा नाही. फक्त मधूनमधून "हूं". मी एखाद्या शब्दाला अडले की तो शब्द तेच पुटपुटायचे आणि स्क्रू फिरवत राहायचे. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी मी त्यांच्या टाळूशी बोलण्यात घालवली होती.

माझी काही व्रतं आहेत. गुरुवार, एकादशी, चातुर्मासात जेवताना मौन. आणि श्रावणातल्या दर रविवारची कहाणी. या कहाणीला ऐकणारा लागतो. सहा तांदूळ घ्यायचे, तीन आपल्या मुठीत, तीन ऐकणाऱ्याच्या. दोघांनीही उपाशी असायचं. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, तरच कहाणी देवाला पोचते. सासूबाई होत्या तोवर त्या ऐकायच्या. त्या गेल्यावर 'हे' बसू लागले. देवाधर्माचं त्यांना फारसं नाही, पण उपाशी राहायचे आणि डाव्या मुठीत तांदूळ धरून उजव्या हातानं काम करत हुंकार द्यायचे.

श्रावण चार दिवसांवर आला तेव्हा वाचनालयानं पन्नाशीपुढच्या जोडप्यांसाठी 'घरदिवा' द्यायला सुरुवात केली. महिनाभर घरी न्यायचा, एकमेकांचं ऐकायचा सराव करायचा. मी लगेच मागितला.

शबानानं दिवा काढून दिला, पण तिचा हात जरा रेंगाळला. "बाई, खरंच नेताय? मी तर माझ्या आणि नवऱ्याच्या मधे साधा तराजूसुद्धा ठेवत नाही."

"अगं, मोजायला नाही. हौस म्हणून."

खोटं बोलले. मला मोजायचंच होतं.

यांनी चकती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, कुठली बॅटरी, किती व्होल्ट, ते विचारलं आणि कानामागं लावली. मी बोलू लागले. बाजारात मेथी कशी महाग झाली, मंगलताईंच्या सुनेनं काय केलं. हे शेजारच्यांची इस्त्री दुरुस्त करत होते. "हूं," म्हणाले. थोड्या वेळानं परत "हूं."

दिवा लागला नाही.

मला वाटलं, इस्त्रीमुळं असेल. दुसऱ्या दिवशी मी इस्त्री लपवून ठेवली. हे हात मांडीवर ठेवून समोर बसले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मी गार्गीच्या बाळंतपणाचं बोलले. गार्गी आमची मुलगी, बारामतीला असते, तिला सातवा महिना होता. तेव्हाही दिवा लागला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या आईचं बोलले. त्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी श्रावणातला पहिला रविवार होता. मी अंघोळ करून, पाटावर सूर्य काढून, कहाणी सांगायला बसले. यांनी तांदूळ घेतले. मी मनात म्हटलं, आज तरी लागेल. आज देवाचं आहे. सगळी कहाणी सांगून झाली. यांचा हुंकार जिथल्या तिथं पडत होता, एकही चुकला नाही. आणि आमच्यामधे तो दुधी काचेचा आवळा तसाच, थंड.

"एकतीस वर्षं हुंकार देताय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "कशाला देत होता?"

"म्हणजे?"

"ऐकत नव्हता तर गप्प बसायचं. देवाला फसवलंत ते फसवलंत, मला कशाला?"

"अगं, ऐकतच होतो की मी."

"दिवा बघा."

त्यांनी दिव्याकडं पाहिलं. ते भांडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले असते, फेकून दे ते खेळणं. पण हा माणूस जन्मभर सगळ्या कार्यशाळेला एकच वाक्य ऐकवत आला होता: मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. ड्रायव्हर म्हणायचा बॅटरी नवी आहे, हे मीटर लावून म्हणायचे, मेलेली आहे. आता मीटर त्यांनाच लावलं होतं.

त्यांनी चकती काढली, पुसली, डबीत ठेवली. तिन्ही तांदूळ माझ्या हातावर परत दिले.

"मला वाटायचं, मी ऐकतो," ते म्हणाले. "तसं नसेल तर मग खोट आहे. तुझ्या व्रताला खोटा हुंकार नको. दुसरं कोणी बघ."

पुढच्या रविवारी ते कहाणीला बसले नाहीत. मी वाचनालयात गेले, मंगलताईंना तांदूळ दिले. त्यांनी कहाणी कधी ऐकली नव्हती. दिवा छान लागला. कहाणी देवाला पोचली असेल, पण घरी येताना मला पोकळ वाटत होतं.

घरात यांचं "हूं" बंद झालं. रुसून नव्हे. मी काही बोलले की ते कामातून मान वर करायचे आणि माझ्याकडं असे बघायचे की जणू आता या वेळी तरी ऐकलं जातंय का ते स्वतःला तपासताहेत. त्या बघण्यानं माझं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. मग मीच कमी बोलू लागले. गणपती झाल्यावर गार्गीच्या बाळंतपणाला मी गेले, महिन्यानं परत आले. त्यानंतर हे म्हणाले, "आता मी चार दिवस जातो. नातीला बघून येतो."

ते चार दिवस नऊ-दहा महिने चालले.

भांडण नव्हतं, म्हणून गावात कोणी विचारलं नाही. बारामती तासाभराच्या अंतरावर. रोज फोन यायचा. जेवलीस का, पाणी आलं का, गॅसची नळी बदल. मी म्हणायचे, जेवले, आलं, बदलते. एवढ्यात फोन संपायचा. परत कधी येणार ते मी विचारत नसे आणि ते सांगत नसत.

चातुर्मासातलं माझं मौन मला तेव्हा पहिल्यांदा जड गेलं. एरवी हे ताटावर समोर असायचे. मीठ हवं असलं तर मी खूण करायचे, हे हसायचे. मौनाला समोर कोणी लागतं. कोणीच नसलं की ते मौन राहत नाही, नुसतं गप्प बसणं होतं. मी व्रत मोडलं नाही. पण देवाला सांगितलं, याचं पुण्य धरू नकोस.

दिवसचे दिवस असे जायला लागले तशी शबाना म्हणाली, "बाई, तुम्ही इकडनं तिकडच्या खुर्चीत बसा." मग मी श्रोता झाले. आणि मला ते चांगलं जमलं. समोरचा बोलू लागला की मिनिटभरात दिवा लागायचा. माझ्या नावाची चिठ्ठी आठ आठ दिवस आधी लावायला लागायची. शबाना म्हणायची, "बाई, तुमची प्रत फाटायला आली, बांधणी करून घेऊ." मी हसायचे. पण घरी येऊन कुलूप काढताना रोज एकच विचार यायचा: गावाला मी उसनी जाते, माझ्या घरात मला कोणी नाही.

आषाढात रेखा सोनवलकर नावाच्या बाई माझ्याकडं येऊ लागल्या. वय बावन्न. पूर्वी एसटीत कंडक्टर होत्या, त्यांचा मार्ग बंद होऊन तीन वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला त्या मार्गाचे सगळे थांबे ओळीनं सांगितले. कुठल्या थांब्यावर कोण चढायचं, कुठं म्हातारी ताकाचा तांब्या घेऊन उभी असायची, कुठं वळणावर गाडी आपसूक हळू व्हायची. दिवा भरभरून लागला. दुसऱ्या वेळी त्यांनी तेच थांबे सांगितले. दिवा मंद झाला. तिसऱ्या, चौथ्या वेळी परत तेच, आणि दिवा लागलाच नाही.

रेखाताईंचा चेहरा उतरला. "कंटाळलात ना? बरोबर आहे. तेच तेच किती ऐकणार."

त्या उठून गेल्या आणि मी तिथंच बसून राहिले. मी कंटाळले नव्हते. चौथ्या वेळी तर मी त्या गाडीतच बसले होते. त्यांनी थांब्याचं नाव घ्यायच्या आधी मला तो दिसत होता. ताकवाली म्हातारी त्यांच्या तोंडून यायच्या आधी माझ्या मनात हात करून उभी होती.

मी उठून शबानाकडं गेले. "यंत्र बिघडलंय," म्हटलं. "मी ऐकत होते. अगदी मनापासून. पुढचा थांबा मला तिच्याआधी..."

आणि बोलता बोलता थांबले.

शबानानं माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता संगणक उघडला. दिवा लागो न लागो, लहरींची नोंद राहते. पडद्यावर दोन रेघा आल्या, तांबडी रेखाताईंची, निळी माझी. पहिल्या दिवशी निळी रेघ तांबडीच्या मागं दोन सेकंद, तशाच चढउतारांनी चाललेली. चौथ्या दिवशीही तेच चढउतार, अगदी हुबेहूब. फक्त निळी पुढं होती. बोलणाऱ्याच्या दोन सेकंद पुढं.

"या अल्ला," शबाना हळूच म्हणाली.

तिनं जाडजूड माहितीपुस्तक काढून वाचलं. यंत्राला ऐकणं म्हणजे काय ते शिकवताना कॉलेजातली मुलं आणली होती. एकमेकांना अनोळखी, आणि गोष्टीही त्यांनी कधी न ऐकलेल्या. त्या मुलांच्या लहरी मागनं चालायच्या, म्हणून यंत्र तेवढंच शिकलं. मागनं येणारी लाट ते ऐकणं समजे. पुढं धावणारी लाट दिसली की तो गोंगाट आहे असं धरून टाकून देई. माणूस माणसाला इतका पाठ असू शकतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वीस वर्षांच्या मुलांना तरी ते कुठं ठाऊक असतं?

"यांची नोंद आहे का गं?" मी विचारलं. "गेल्या श्रावणातली?"

तिनं काढली. मला चष्मा दोनदा पुसावा लागला. तांबडी माझी. निळी यांची. मेथीच्या भावाला, गार्गीच्या बाळंतपणाला, माझ्या आईच्या आजारपणाला, सगळीकडं निळी रेघ तांबडीच्या आधी त्याच जागी जाऊन उभी होती. आणि कहाणीच्या दिवशी तर सबंध अर्धा तास, एकदाही न चुकता. माझं दुःख माझ्या तोंडी यायच्या आधी त्यांच्याकडं जाऊन बसलेलं होतं.

"घरदिवे किती जोडप्यांनी नेले आपल्याकडनं?" मी विचारलं.

"त्रेचाळीस."

"त्यातली..."

"नका विचारू, बाई." तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. "मी आजच वर कळवते. पुढच्या वर्षी सुधारतील. पण या त्रेचाळीस घरी मला स्वतः जायला लागेल."

रेघांचा कागद तिनं मला छापून दिला. घरी जाऊन मी पहिल्यांदाच आपणहून यांना फोन लावला.

"तुम्ही या," मी म्हटलं. "बोलायचंय."

"थांब, थांब. आधी मला सांगू दे." इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता. "मीच फोन करणार होतो. श्रावणातल्या पहिल्या रविवारी येतो. घरी नको, लायब्ररीत ये. टेबल घेऊन ठेव. आणि तांदूळ आण. तुला एक दाखवायचंय."

"काय?"

"आल्यावर."

कागदाचं फोनवर सांगवेना. समोर बसून सांगावं, असं वाटलं.

रविवारी वाचनालय दहा ते बारा उघडं असतं. हे साडेनवालाच पायरीवर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. गालफडं बसली होती. मला बघून हसले, आणि शबानाला म्हणाले, "काय मुजावर मॅडम, कोपऱ्यातलं टेबल द्या. उजेड कमी पाहिजे, दिवा नीट दिसला पाहिजे."

"उपाशी आहात ना, दिगंबरभाऊ?" ती म्हणाली. "नाहीतर बाई परत पाठवतील."

"काल संध्याकाळपासून पाणीसुद्धा मोजून प्यालोय."

आम्ही बसलो. त्यांनी चकती स्वतःच कानामागं लावली, सराईतासारखी. मला नवल वाटलं. मग त्यांनी सांगितलं.

बारामतीला गेल्यावर आठवडाभरात त्यांनी तिथल्या वाचनालयात चौकशी केली होती. तिथं श्रोत्यांचा वर्ग चालतो. यांनी नाव घातलं. रोज सकाळी नातीला अंघोळ घातली की वर्गाला जायचे. आधी महिनाभर काहीच जमेना. मग जमू लागलं.

"तिथले सर सांगायचे, समोरचा बोलायच्या आधी आपल्या मनात जे उठतं ना, ते खाली ठेवायचं. ओळखायला जायचं नाही. रिकामं व्हायचं आणि मागनं चालायचं." त्यांनी हाताची दोन बोटं टेबलावर एकामागोमाग चालवून दाखवली. "दोनशे अकरा माणसं ऐकली मी, संजीवनी. आता माझा दिवा कोणासमोरही लागतो. पण मी कशासाठी शिकलो ते तुला ठाऊक आहे. सांग कहाणी."

माझ्या पिशवीत तो कागद होता. मी पिशवी मांडीखाली दाबून धरली, त्यांच्या हातावर तीन तांदूळ ठेवले आणि कहाणी सुरू केली.

पहिल्याच वाक्याला दिवा लागला.

असा लख्ख दिवा मी त्या खोलीत पाहिला नव्हता. यांचे डोळे माझ्या डोळ्यांत होते, हात रिकामे होते. मी वाक्य संपवायचे, मग क्षणभर शांतता, मग त्यांचा हुंकार यायचा. मनापासून, आदरानं, माझ्या मागनं. मंगलताईंचा यायचा तसा. दोनशे अकरा माणसांना दिला तसा. मधे एका जागी मी अडखळले. आधी वाती की आधी नैवेद्य, तिथं माझा दरवर्षी गोंधळ होतो, आणि एरवी माझं तोंड बंद व्हायच्या आधी यांच्या तोंडून शब्द आलेला असायचा. मी थांबले. हे माझ्याकडं बघत होते, शांत, माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत. आतून येणारं काहीतरी ते नीट खाली ठेवत होते. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते पाहिलं.

शेवटी मीच म्हटलं, "आधी वाती," आणि कहाणी पुरी केली.

"पाहिलंस?" ते दिव्याकडं बघत म्हणाले. "सबंध वेळ. एकदासुद्धा मंद झाला नाही."

मला वाटलं, नको सांगायला. या माणसानं साठाव्या वर्षी बाकावर बसून ऐकणं शिकून घेतलं, माझ्या सहा तांदळांसाठी. कागद फाडून टाकावा, दिवा लागला म्हणून गोड मानावं, घरी जाऊन वरण-भात करावा. खोटं बोलायचं नाही असं व्रत मी कधी घेतलं नव्हतं, आमच्यात त्याची गरजच पडली नव्हती. पण मग ते जन्मभर समजणार, की एकतीस वर्षं आपण ऐकलंच नाही. ते मला सोसवेना.

मी कागद काढून त्यांच्यापुढं उलगडला. निळी कुठली, तांबडी कुठली, ते सांगितलं. यंत्र काय शिकलं होतं आणि काय शिकलं नव्हतं, तेही.

ते कागदावर वाकले. मला पुन्हा त्यांची टाळू दिसली, आता जरा जास्त विरळ. निळ्या रेघेवरनं त्यांचं बोट सरकत राहिलं. बराच वेळ.

"म्हणजे मीटर उलटं जोडलं होतं," शेवटी ते म्हणाले. "प्लसची वायर मायनसला. तसं केलं की काटा शून्याच्या खाली जाऊन खुंटीला टेकतो. कितीही करंट असू दे, बघणाऱ्याला वाटतं, शून्य." त्यांनी मान वर केली. "नव्या पोरानं असं केलं असतं तर कानाखाली दिली असती मी. साधी वायर बदलून बघायची असते. मला सुचलं नाही."

"मलाही नाही."

"तुझं ते काम नव्हतं. माझं होतं."

मग त्यांनी दिव्याकडं पाहिलं. आम्ही बोलत होतो, त्यामुळं तो अजून तसाच होता, पिवळा, भरलेला. त्याचा अर्थ आता दोघांनाही कळत होता. मी पुढं काय बोलणार ते त्यांना कळत नव्हतं, आणि ते काय बोलतील ते मलाही नाही. एवढा लख्ख दिवा अनोळखी माणसांचा असतो.

"मला आता तसं येत नाही गं," ते म्हणाले. "ते पुढं जाणं. मगाशी वातींच्या वेळी माझ्या ओठावर आलं होतं. मी गिळलं. सवय लागली."

"पाहिलं मी."

"हा..." त्यांनी दिव्याकडं बोट केलं. तो अशुभ शब्द आमच्या घरात दिव्यासाठी कोणी वापरत नाही, म्हणून ते अडले. "हा शांत व्हायला किती दिवस लागतील?"

"मागच्या वेळी एकतीस वर्षं लागली."

त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली असणार. मीही केली. तेवढी आपल्याजवळ आहेत का, ते दोघांपैकी कोणीच बोललं नाही. बाहेर शबाना वर्तमानपत्रं काठीला लावत होती, त्याचा आवाज येत होता. बारा वाजायला अजून अवकाश होता.

त्यांनी खुर्ची जराशी वळवली. डोळे माझ्यावरनं काढले आणि खिशातनं पेन काढून ते खोलू लागले. स्प्रिंग, रिफिल, टोपण.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. भाजी काय आणलीस ते."

मी बोलू लागले. काल बाजारात दोडके बरे होते, पण भाजीवाली पाव किलोला तयार होईना, आणि एकटीला अर्धा किलो काय करायचे म्हणून मी परत आले. हे खाली बघून स्प्रिंग फिरवत होते. हुंकार आला. उशिरा आला. मी पुढं बोलत राहिले. जन्मात पहिल्यांदा, दिवा शांत व्हावा अशी मी देवाजवळ इच्छा केली. तो आमच्यामधे लख्ख जळत होता, आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो.